पेटीला ओरखडा नाही

राजारामपुरी, कोल्हापूर
७ ऑक्टोबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, पार्सल गोदाम, कागल

महाशय,

शुक्रवार, दिनांक ३ ऑक्टोबर २०२५, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. या वेळी अमरावतीच्या एका वसतिगृहात माझी नात संयोगिता हिने तुमच्या गाडीने आलेली लाकडी पेटी उघडली. पेटीला बाहेरून ओरखडाही नव्हता. आतलं धनुष्य मोडलेलं होतं. वरचं पातं उभं चिरलेलं, वरची चाकी वाकडी आणि दोर तिच्यावरून उतरून लोंबत असलेला.

धनुष्य म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर नाटकातला बांबू येईल, म्हणून सांगते. हे दोन्ही टोकांना चाक्या असलेलं स्पर्धेचं कंपाउंड धनुष्य आहे. ते सुटं करून पिशवीत भरता येत नाही, दोर चढवलेलाच असतो, आणि तसंच्या तसं न्यावं लागतं. म्हणून मी त्यासाठी घरी पेटी केली. २९ सप्टेंबरला सकाळी दहा वाजता ती तुमच्या कोल्हापूरच्या खिडकीवर दिली. तिला कुलूप होतं. तुमच्या माणसाने "कुलूपबंद माल आम्ही घेत नाही, बाई" म्हणून ते माझ्याकडून काढून घेतलं आणि माझ्याच पिशवीत टाकलं. पेटी दुसऱ्या दिवशी निघायची होती. ती १ तारखेच्या संध्याकाळपर्यंत कागलच्या गोदामात पडून होती, हे तुमच्याच पावतीवर आहे.

५ ऑक्टोबरला राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. संयोगिताने मैत्रिणीचं धनुष्य मागून घेतलं. ते तिच्या हाताच्या मापाचं नव्हतं. निवड झाली नाही. पुढच्या वर्षी ती या वयोगटात बसत नाही.

मला भरपाई नको. पेटी कोणी, कधी आणि कशासाठी उघडली, एवढं १४ ऑक्टोबरपूर्वी लेखी कळवावे.

प्रमोदिनी हेर्लेकर
(निवृत्त अधीक्षक, नक्कल विभाग, जिल्हा न्यायालय)

•

कागल
१३ ऑक्टोबर २०२५

मा. ग्राहक,

आपले दि. ७ चे पत्र मिळाले. आपला माल बाह्यतः सुस्थितीत पोहोच करण्यात आला असून तशी प्राप्तकर्त्याची सही घेण्यात आली आहे. पावतीच्या मागील अट क्र. ९ नुसार आतील मालाच्या स्थितीबाबत सेवा जबाबदार राहणार नाही. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.

जो. गुं. चौगले
व्यवस्थापक

•

कोल्हापूर
१६ ऑक्टोबर २०२५

श्री. चौगले यांस,

मी सहकार्य केलेलं नाही. आभार परत घ्यावेत.

मी एकतीस वर्षं नकला तपासल्या. उत्तर देणाऱ्याला काय लिहायचं नाही, हे त्याने जे लिहिलं आहे त्यावरून कळतं. "बाह्यतः" हा शब्द तुम्ही उगाच घातलेला नाही.

आता पेटीबद्दल ऐका, कारण ती नुसती पेटी नव्हती. गणपतीत संयोगिता घरी आली तेव्हा तिचा खांदा दुखावलेला होता. डॉक्टरांनी तीन आठवडे धनुष्याला हात लावू नको म्हणून सांगितलं. ही मुलगी हात लावल्याशिवाय राहणारी नाही. तिचे आईवडील नोकरीसाठी मस्कतला, म्हणजे तिला नाही म्हणणारी मी एकटी. मी धनुष्य ठेवून घेतलं. "आजी, मी नुसतं जवळ ठेवते गं," म्हणून ती रडली. मी म्हटलं, चांगली पेटी झाल्याशिवाय हे उंबऱ्याबाहेर जाणार नाही, आणि पेटी तीन आठवड्यांच्या आत होणार नाही.

धनुष्य वर्तमानपत्रावर आडवं ठेवून मी पेन्सिलीने त्याची आकृती काढली. गडमुडशिंगीच्या आकाराम सुतारांनी प्लायवूड कापून दिलं. "बाई, ह्यात काय म्हणायचं ठेवायचं?" म्हणून त्यांनी तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा ऐकून हसले. फोम गादीवाल्याकडून आणला आणि पावाची सुरी गॅसवर तापवून त्या आकृतीबरहुकूम मी स्वतः कापला. चाक्यांखाली चपला करणाऱ्यांकडचं जाड रबर. कोपऱ्यांना ट्रंकवाल्याकडचे पत्रे. मग धनुष्याच्या जागी सहा अंडी ठेवून पेटी जिन्याच्या तीन पायऱ्यांवरून सोडली. एकही फुटलं नाही. पेटी २६ तारखेलाच तयार होती, तरी मी आणखी एक थर लावायला घेतला आणि त्यात तीन दिवस घातले. इतकी काळजी मी घेतली होती. झाकणावर लिहिलं: आत धनुष्य आहे. आडवे ठेवा. वर काही ठेवू नका.

तर श्री. चौगले, अशा पेटीच्या आत, धनुष्याच्या मुठीवर संयोगिताला ओलं होऊन वाळलेलं हळदकुंकू सापडलं. फोमच्या खाचेत झेंडूच्या दोन पाकळ्या आणि तांदळाचे दाणे. अट क्र. ९ मध्ये झेंडूबद्दल काही आहे का?

खरी गोष्ट पुढे आहे. आमच्या घरी खंडेनवमीला माझ्या जुन्या टाइपरायटरची पूजा होते. मिशनच्या शाळेत शिकले तरी ती मी कधी चुकवली नाही. हे संयोगिता लहानपणापासून बघते. त्यामुळे कुंकू बघितल्यावर तिने मला फोन केला आणि एकच वाक्य बोलली: "आजी, पाठवायच्या आधी तू पूजा केलीस आणि मग ओढून बघितलंस, होय ना?" मी नाही म्हटलं. तिने फोन ठेवला. तेव्हापासून ती माझा फोन घेत नाही.

मला तुमच्याकडून एक कागद हवा आहे, जो मी तिला दाखवू शकेन. मुदत २५ ऑक्टोबर.

प्रमोदिनी हेर्लेकर

•

कागल
२४ ऑक्टोबर २०२५

आदरणीय आक्का,

मागचं पत्र हापिसातल्या छापील नमुन्यावरनं लिवलं होतं. हे मी हातानं लिवतोय. काल भाऊबीज झाली, घरात लेकी आल्या होत्या, त्यांच्याकडं बघून दिवसभर तुमच्या नातीचंच डोक्यात होतं.

पेटी आम्हीच उघडली. खंडेनवमीला गोदामात दरवर्षी आम्ही वजनकाटा, जॅक, पाने आणि हातगाडी धुऊन मांडतो. शस्त्र म्हणून काय, तर नारळ फोडायचा कोयता. त्या दिवशी पिराजी हमाल म्हणाला, "सायेब, कोयत्याला काय हार घालताय? हितं साक्षात धनुष्य येऊन पडलंय की." पेटीवर तुम्ही एवढ्या मोठ्या अक्षरात लिवलेलं. मला पण वाटलं, आईच्या नवरात्रात दाराशी आलंय, तसंच कसं पाठवायचं? कडी काढली, पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. तुमच्या नातीला यश येऊ दे म्हणून सगळ्यांनी हात जोडले, हे देवाशप्पत खरं. तिचं नाव पावतीवर होतं.

मग जसं होतं तसं परत ठेवलं. पेटी आडवीच ठेवली होती, वर कायसुद्धा ठेवलं न्हाई.

दोराला कुणी हात लावला न्हाई. ते कसं मोडलं, आम्हाला ठावं न्हाई. वाटेत गाडी आदळली असंल.

तुमचा,
जोतीराम चौगले

•

कोल्हापूर
२७ ऑक्टोबर २०२५

श्री. जोतीराम चौगले,

मी तुमची आक्का नाही. मला एक भाऊ होता, तो खोटं बोलताना निदान मान खाली घालत असे.

अर्धं खरं लिहिलंत, त्यासाठी तुम्हाला अर्धे आभार. उरलेल्या अर्ध्याबद्दल संयोगिताच्या प्रशिक्षकांनी मला समजावलं ते लिहिते. बाण लावून दोर सोडला की सगळा जोर बाण घेऊन जातो. बाण न लावता सोडला की तो जोर जायला जागा नसते, तो धनुष्यातच फिरतो आणि पातं फाटतं. असं धनुष्य गाडी आदळून मोडत नाही. सहा अंडी साक्षीला आहेत. ते माणसाच्या हाताने मोडतं. कोणीतरी ते ओढलं आणि मोकळं सोडलं.

माझ्या घरात त्या दोराला कोणी हात लावलेला नाही. तेव्हा तो हात तुमच्या गोदामातला आहे. त्याचं नाव, तारीख, वेळ आणि खाली सही. शाळेत आम्हाला सिस्टर शिकवत, चूक कबूल करायची तर घड्याळ बघून करावी, म्हणजे ती पुन्हा लांबवता येत नाही.

दिवाळीचा फराळ मी अमरावतीला पाठवला होता. डबा न उघडता परत आला. चकल्या मोडल्या नव्हत्या. माझं पॅकिंग चांगलं असतं.

मुदत ३ नोव्हेंबर. त्यानंतर हे सगळे कागद तुमच्या मुख्य कार्यालयात जातील.

प्रमोदिनी हेर्लेकर

•

कागल
२ नोव्हेंबर २०२५

बाई,

बुधवार, १ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. भिंतीवरचं घड्याळ मी बघितलं होतं, कारण साडेअकराला बेळगावची गाडी यायची होती.

ओढणारा मीच. पिराजी न्हाई, दुसरा कुणी न्हाई.

पूजा झाल्यावर सगळी म्हणाली, "सायेब, एकदा हातात घ्या की." तरणेपणी मी तालमीत होतो, हाताला अजून जोर हाय. पेटीत बाजूच्या नळीत बाण होते. पण खंडेनवमीला हत्यार पुजायचं असतं, चालवायचं नसतं, हे आमच्या घरात वाडवडलांपासनं पाळतो. ऊस तोडायचा कोयतासुद्धा त्या दिवशी हातात घेत न्हाई. म्हणून मी पोरांना बजावलं, "बाणाला हात लावू नका रे. बाण लावला तर चालवल्यागत हुईल. मी नुसतं ओढतो." शिवाय कुणाला लागलं असतं. सांभाळून करायचं म्हणूनच मी बाण लावला न्हाई, बाई.

कानापर्यंत ओढलं आन् सोडलं. फटाका फुटल्यागत आवाज झाला. पोरं हसली, त्यांना वाटलं असाच आवाज येत असंल. मला पण तसंच वाटू द्यायचं होतं. दोर उतरलेला दिसला, तो चाकीवर दाबून बसवायला गेलो, बसला न्हाई. चीर मी बघितली. कडी लावली आन् संध्याकाळच्या गाडीत पेटी चढवली. वाटलं, तिकडं कुणी हुशार माणूस दुरुस्त करून घेईल.

मी ३० नोव्हेंबरला निवृत्त हुतोय. ह्या कागदावर सही हाय, आन् त्याचं काय हुईल ते मला म्हाईत हाय. घरवाली म्हणाली, लिवू नका. मी म्हटलं, ती बाई तिच्या नातीला तोंड कशी दाखवंल? तुम्ही खरं बोलताय आन् पोरगी तुम्हालाच खोटं ठरवतीया, हे मला सोसंना. कागद तुमचा. कुठं द्यायचा ते तुम्ही ठरवा.

आणखी एक. काल तुमची पेटी माघारी आलीया. पाठवणार संयोगिता, घेणार तुम्ही. वजन तेवढंच हाय, म्हणजे धनुष्य आतच असंल. मी उघडली न्हाई. माझ्या टेबलावर आडवी ठेवलीया, वर काय ठेवू दिलं न्हाई. पाठवू, का तुम्ही येताय?

जोतीराम गुंडू चौगले

•

कोल्हापूर
९ नोव्हेंबर २०२५

संयोगिता,

शुक्रवार, दिनांक २६ सप्टेंबर २०२५, दुपारचे तीन वाजून पंचवीस मिनिटे.

ही वेळ माझी आहे. तिच्याकडे मी येते. आधी कागलचं सांगते, कारण ते सांगायला सोपं आहे.

गुरुवारी मी एसटीने कागलला गेले. गोदाम हायवेला लागून आहे, आत धुळीचा आणि गुळाच्या ढेपांचा वास. चौगले उठून उभे राहिले. मी मनात काय काय घेऊन गेले होते, ते तुला सांगायला नको. पण समोर एक थोराड, पांढऱ्या मिशांचा माणूस, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने खुर्ची आपल्या रुमालाने पुसली.

"बसा, बाई. च्या सांगू?"

"नको. पेटी कुठे आहे?"

"ही काय. पाच दिस झालं, मी जेवायचा डबासुद्धा खाली बसून खातोय. टेबलाला धक्का नको."

मी पेटी उघडली. ते दोन पावलं मागे सरले, हात पाठीमागे बांधून. धनुष्य होतं, चीर होती. मुठीवरचं कुंकू तू पुसलं नव्हतंस. चिठ्ठी असेल म्हणून मी फोमखाली हात घातला, झाकणाच्या अस्तरात बघितलं, बाणांची नळी उलटी करून बघितली. चौगलेही वाकून बघत होते.

"काय लिवलंय का पोरीनं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"एक ओळबी न्हाई?"

"नाही म्हटलं ना."

मग ते म्हणाले, "माझा कागद पाठवा तिला. तुमच्यावरचा आळ तरी जाईल. तुम्ही तर दोराला हात लावला न्हाई."

मी पेटीची कडी लावली. पिराजी नावाच्या हमालाने पेटी डोक्यावर घेऊन एसटीत चढवली. चौगले बस हलेपर्यंत खिडकीखाली उभे होते. मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी निवृत्तीला महिना उरलेला असताना खरं लिहून दिलं आणि मी त्यांच्यासमोर बसून चहाही न पिता परत आले.

आता माझी वेळ. २६ सप्टेंबरला पेटी पूर्ण झाली होती. धनुष्य आत ठेवण्यापूर्वी मी ते हातात घेतलं. दोर फोमला घासतो का ते बघायचं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. रोज दोनशे वेळा तू जे ओढतेस, ज्यासाठी खांदा मोडून घेतलास, आणि जे मी तुझ्यापासून काढून ठेवलं होतं, ते काय आहे ते मला बघायचं होतं. मी ओढलं. वीतभरही आलं नाही. माझा जोर संपला आणि बोटांतून दोर निसटला. टक् असा आवाज झाला. मी चष्मा लावून, खिडकीत नेऊन पातं पाहिलं. काही दिसलं नाही. प्लायवूडचा आवाज असेल, असं मी ठरवलं.

मग मी पेटीला आणखी एक थर लावायला घेतला.

त्या वेळी ते धनुष्य पाठवलं असतं तर २९ तारखेला तुझ्या हातात पडलं असतं. खंडेनवमीला ते कागलमध्ये नसतं. मी तीन दिवस फोम कापत बसले, कारण तो आवाज मला पेटीत कुठेतरी बंद करायचा होता. पातं चौगल्यांनी फाडलं, की माझ्या हातून ते आधीच कुठे तरी सुटलेलं होतं, हे तुझ्या प्रशिक्षकांना मी विचारलं. ते म्हणाले, आता कोणी सांगू शकणार नाही. मी चांगल्या चांगल्या वकिलांच्या नकलांत चुका काढल्या आहेत. या एका गोष्टीत मला काहीही शोधून काढता येत नाही.

फोनवर तू विचारलंस तेव्हा पूजेचं तू चुकीचं म्हणालीस. ओढून बघितल्याचं बरोबर म्हणालीस. दोन्ही एकाच वाक्यात होतं, आणि मी त्या पूर्ण वाक्याला नाही म्हटलं. नक्कल विभागात असं केलेल्या माणसाला मी निलंबित करवलं होतं.

चौगल्यांचा मूळ कागद सोबत आहे. तो वाच आणि परत पाठव. तो मी तुझ्याशिवाय कोणालाही दाखवणार नाही, मुख्य कार्यालयाला तर नाहीच. तो त्यांना परत द्यायचा आहे, आणि त्याबरोबर या पत्राची एक प्रत. प्रत मी करून ठेवली आहे, अजून पाठवलेली नाही. तुझ्याआधी त्यांना कळू नये असं वाटलं.

तुझा वयोगट परत आणता येत नाही. धनुष्याचं पातं बदलता येतं म्हणतात, तुझ्या आईशी बोलून मी ते करीन. पण ते तू परत हातात घेशील का, हे मला कुठल्या दुकानात विचारता येत नाही. पेटी माझ्या पलंगाजवळ आहे. आडवी. वर काही ठेवलेलं नाही.

या पत्राचं लेखी उत्तर गुरुवार, दिनांक २० नोव्हेंबर २०२५, सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी मला मिळावं. "पत्र मिळालं" एवढं लिहिलंस तरी ते उत्तर धरीन. रागाने लिहिलंस तरी चालेल, फक्त तुझ्या हाताने लिही. मुदतीत उत्तर न आल्यास पुढे काय करण्यात येईल, हे वाक्य मी आयुष्यभर प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहीत आले. या वेळी तिथे काय लिहायचं ते मला सुचलेलं नाही.

तरी मुदत तीच आहे.

आजी
(प्रमोदिनी हेर्लेकर)